इसब म्हणून सोडून देऊ नये

कर्करोगाच्या राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रमाचा जो अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यात स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगाचे सर्वाधिक प्रमाण हैदराबाद जिल्ह्यात असल्याचे दिसून आले. लोकसंख्येतील वयोमानाचा फरक जमेस धरून काढलेला हा आकडा दर लाख स्त्रियांमागे ४८ असा होता. चेन्नई, बंगळूर आणि दिल्ली ही महानगरे त्याच्या मागोमाग होती. हैदराबादच्या या वार्तेची दखल किनाऱ्यावरच्या दैनिकाने अग्रलेखातून का घ्यावी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे एक उत्तर नात्याचे आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत, आणि आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व गोव्यातल्या कितीतरी मुली संगणकाच्या नोकऱ्यांसाठी आज त्याच शहरात बिऱ्हाड करून राहतात. दुसरे उत्तर अधिक विचार करायला लावणारे आहे. उशिरा होणारी बाळंतपणे, कमी मुले, अंगावर पाजण्याचा घटलेला काळ, बैठी कामे आणि वाढते वजन ही जी कारणे वैद्यकशास्त्र या रोगाच्या वाढीमागे सांगते, ती काही एका शहराची मिरास नव्हे. हैदराबाद आज ज्या ठिकाणी आहे, त्या ठिकाणी पनवेल आणि मडगाव उद्या पोहोचणार आहेत.

हैदराबाद या बाबतीत हातावर हात ठेवून बसले नाही, हेही सांगितले पाहिजे. निजामी राजवट संपून थोडीच वर्षे झाली होती, तेव्हा १९५५ साली, नवाब मेहदी नवाज जंग यांच्या पुढाकाराने तेथील रेड हिल्स भागात कर्करोगाचे रुग्णालय सुरू झाले. हेच गृहस्थ पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले राज्यपाल झाले. त्यांच्या नावाने चालणारी ती सरकारी संस्था आजही गोरगरिबांचा मोठा आधार आहे. नंदमुरी तारक रामाराव यांच्या पत्नी बसवतारकम् कर्करोगाने गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ बंजारा हिल्सवर उभारलेले रुग्णालय २००० साली सुरू झाले. स्तनशल्यविशारद डॉ. पी. रघुराम यांच्या मातोश्री उषालक्ष्मी या स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ; त्यांनाच २००२ साली हा रोग झाला. आईच्या नावाने डॉ. रघुराम यांनी २००७ मध्ये प्रतिष्ठान स्थापन केले आणि २०१२ ते २०१६ या काळात तेलंगण व आंध्राच्या खेडोपाडी सुमारे दोन लाख गरीब स्त्रियांची तपासणी प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांकरवी घडवून आणली. ऑक्टोबर महिन्यात चारमिनारवर गुलाबी प्रकाश सोडला जातो, तोही याच चळवळीचा भाग. दिव्यांच्या रोषणाईने रोग हटत नाही, हे खरे. पण ज्या अवयवाचे नाव चारचौघांत घेण्याची चोरी होती, त्याविषयी भर चौकात बोलता येते, एवढे त्या प्रकाशाने साधले असेल तर तेही थोडे नाही.

एवढ्या प्रचारानंतरही एक उणीव राहून गेली आहे, आणि ती सर्व देशाची आहे. स्तनाचा कर्करोग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गाठ येते. भित्तिपत्रकावर गाठ, व्याख्यानात गाठ, महिला मंडळाच्या कार्यक्रमात गाठ कशी चाचपावी याचे प्रात्यक्षिक. हे सर्व योग्यच आहे, कारण बहुसंख्य रुग्णांत पहिली खूण गाठीचीच असते. पण त्यामुळे ‘गाठ नाही म्हणजे कर्करोग नाही’ असा उलटा सिद्धान्त स्त्रियांच्या मनात नकळत घट्ट बसला आहे, आणि तो खोटा आहे. या रोगाचे दोन प्रकार असे आहेत की जे त्वचेच्या विकाराचे सोंग घेऊन येतात. एक इसबासारखा दिसतो, दुसरा गळवासारखा. संख्येने ते थोडे. परंतु ओळखायला जो उशीर होतो, तो याच ठिकाणी अधिक.

पहिल्या प्रकाराची ओळख जगाला करून दिली ती लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील विख्यात शल्यवैद्य सर जेम्स पॅजेट यांनी, १८७४ साली. त्यांनी सुमारे पंधरा स्त्रियांची हकीकत नोंदवली. बहुतेकींचे वय चाळीस ते साठच्या दरम्यान. प्रत्येकीच्या स्तनाग्रावर आणि भोवतालच्या काळसर वर्तुळावर लालभडक, ओलसर, सोलून निघाल्यासारखे चट्टे उठले होते. कोणीही इसबच म्हणावे असे. नेहमीच्या औषधांनी ते बरे होईनात. आणि मग फार तर दोन वर्षांत, बहुधा वर्षाच्या आतच, त्यांतील प्रत्येक स्त्रीच्या त्याच स्तनात कर्करोग प्रकट झाला. पॅजेट यांच्यापाशी आजच्यासारखी साधने नव्हती. क्ष-किरणांचा शोधही अजून वीस-एकवीस वर्षे दूर होता. त्यांनी केले ते एवढेच की, वर्षानुवर्षे रुग्ण पाहिले, टिपणे ठेवली, आणि कातडीवरच्या चट्ट्याचा आतल्या रोगाशी संबंध आहे हे ताडले. या विकाराला आज त्यांचेच नाव आहे.

चट्टा आधी आणि कर्करोग नंतर, असा क्रम त्या वेळी दिसला होता. आता आपल्याला माहीत आहे की, बहुतेक रुग्णांत तो चट्टा उमटतो तेव्हा आत रोग आधीच असतो. दूध वाहून आणणाऱ्या ज्या बारीक नलिका स्तनाग्राशी येऊन मिळतात, त्यांच्या आत वाढणाऱ्या कर्कपेशी त्याच वाटेने सरकत त्वचेच्या वरच्या थरात शिरतात, असे बहुसंख्य तज्ज्ञ मानतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या मोठ्या, फिकट रंगाच्या दिसतात आणि सामान्य पेशींमधून सहज वेगळ्या ओळखू येतात. स्तनाच्या एकूण कर्करोगांत या विकाराचा वाटा शेकडा एक ते तीन इतकाच आहे. मात्र त्यांतील जवळजवळ निम्म्या स्त्रियांच्या हाताला गाठ अशी लागतच नाही. म्हणजे गाठ चाचपण्याचा पाठ इमानेइतबारे गिरवणारी स्त्रीसुद्धा येथे फसू शकते.

मग खरे इसब कोणते आणि हे कोणते, हे ओळखायचे कसे? डॉक्टरांनाही नुसत्या नजरेने ते खात्रीने सांगता येत नाही. तथापि काही फरक सर्वसामान्य माणसाने ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. साधे इसब बहुधा दोन्ही बाजूंना होते, भोवतालच्या वर्तुळावर सुरू होते, त्याला कंड सुटते, अंगावर अन्यत्रही त्याच्या खुणा असतात, आणि योग्य औषधाने दोन-तीन आठवड्यांत ते हटते. पॅजेटचा विकार जवळजवळ नेहमी एकाच बाजूला असतो. तो स्तनाग्रापासून सुरू होऊन बाहेर पसरतो. कंड, आग, टोचल्यासारखी वेदना ही लक्षणे दोहोंतही असू शकतात, तेव्हा त्यांवरून काही ठरवू नये. खपली धरते, गळून पडते, खालची जागा ओली राहते, पुन्हा खपली धरते. स्तनाग्र चपटे होते किंवा आत ओढले जाते. कधी त्यातून पिवळसर किंवा रक्तमिश्रित लस येते. पोलक्याच्या आतल्या बाजूला एकाच ठिकाणी पुनःपुन्हा पडणारा डाग ही पुष्कळदा त्याची पहिली साक्ष असते, आणि ती साक्ष घरात धुणे धुणाऱ्या बाईच्या नजरेस रुग्णाच्याही आधी पडते. पुरुषांनाही हा रोग होतो. क्वचित होतो, परंतु होतो, हे जाता जाता नमूद करून ठेवू.

दुसरा प्रकार अधिक उग्र. त्याला दाहयुक्त कर्करोग म्हणतात. येथे स्तन काही आठवड्यांतच, फार तर काही महिन्यांत, सुजतो, जड होतो, हाताला गरम लागतो. त्याचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग लाल किंवा जांभळट होतो. आपल्या सावळ्या वर्णावर ही लाली तितकी उठून दिसत नाही. कातडी नुसती काळवंडल्यासारखी भासते, हे मुद्दाम सांगावयास हवे, कारण पुस्तकातली चित्रे बहुधा गोऱ्या कातडीची असतात. त्वचा जाड होऊन तिच्यावर संत्र्याच्या सालीवर असतात तशी बारीक खळगी उमटतात. कारण असे की, कर्कपेशी त्वचेतील लसवाहिन्या आतून बुजवून टाकतात. पाण्याचा निचरा तुंबला की शेत जसे फुगते तशी कातडी फुगते, आणि केसांच्या मुळांपाशी ती खाली धरलेली असल्यामुळे तेवढ्या जागी खळगी राहतात. येथेही गाठ हाताला लागेलच असे नाही. ताप नसतो, आणि हीच मोठी खूण. पू होणाऱ्या गळवात बहुधा ताप असतो, ठणका असतो, आणि प्रतिजैविकांनी आठवड्याभरात उतार पडू लागतो. हा रोग तरुण स्त्रियांतही आढळतो, आणि लहान मूल अंगावर पीत असेल तर सगळेच ‘दूध साकळले’ म्हणून शेक देत बसतात. दूध साकळते, गळूही होते. या गोष्टी या रोगाहून कितीतरी पटींनी अधिक घडतात. पण औषधाचा एक क्रम पुरा होऊन आठवडा-दहा दिवसांत फरक पडला नाही, तर दुसरे प्रतिजैविक, मग तिसरे, असा खेळ न करता पुढची तपासणी झालीच पाहिजे. हा रोग ओळखला जातो तेव्हा तो किमान तिसऱ्या अवस्थेत असतोच. त्यामुळे येथे महिन्यांचा हिशोब चालत नाही, आठवड्यांचा करावा लागतो.

मग वेळ जातो कोठे? आमच्या किनाऱ्याचे हवामान त्याला काही अंशी कारण आहे. आठ महिने घाम आणि चार महिने ओल, अशा मुलखात अंगावर काही ना काही उठणे हा आश्चर्याचा विषयच नसतो. घामोळे, नायटा, पोलक्याच्या शिवणीखाली येणारी खाज यांना आपल्याकडच्या बायका वर्षानुवर्षे सरावलेल्या. भेगाळलेल्या कातडीला कोकमतेल, चट्ट्याला हळद आणि खोबरेल, हे उपाय घरोघरी आहेत आणि किरकोळ तक्रारींवर त्यांचा गुणही येतो. ते हास्यास्पद मानण्याचे कारण नाही. पण घरगुती उपायाला मुदत असली पाहिजे. तीन आठवडे कोकमतेल लावून जी कातडी सांधली नाही, ती तीन महिने लावूनही सांधणार नाही.

घरगुती उपायांहून अधिक घात करतात त्या औषधाच्या दुकानातून मिळणाऱ्या मलमाच्या नळ्या. स्टिरॉइड असलेल्या मलमांना पूर्वी डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विक्रीची सवलत होती. त्वचारोगतज्ज्ञांनी वारंवार तक्रारी केल्यावर २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक मलमांची ती सवलत काढून घेतली. कायदा झाला, व्यवहार किती बदलला, हे कोणीही आपल्या गावच्या दुकानापुढे दहा मिनिटे उभे राहून पाहावे. ‘खाजेवरचे काहीतरी द्या’ म्हणून नवरा किंवा मुलगा जातो, कोणत्या जागेची खाज हे तो सांगत नाही आणि दुकानदार विचारत नाही. या मलमाने पॅजेटच्या चट्ट्याची लाली काही दिवस खरोखरच कमी होते, आग शमते. मलम थांबले की चट्टा परत येतो, मग दुसरी नळी येते. अशा चार-पाच नळ्यांत वर्ष निघून जाते. रोग मात्र हटलेला नसतो. त्याच्यावर पांघरूण पडलेले असते, एवढेच.

आणि या सर्वांवर कळस म्हणजे आपली भीड. स्तन हा शब्द आपल्या घरात उच्चारला जात नाही. ‘छातीला काहीतरी झालंय’ एवढे एखादी बाई कशीबशी म्हणते आणि ऐकणारा हृदयाचा विकार समजतो. घरात आरसा एक, तोही ओटीवर. न्हाणीघरात उजेड नाही. स्वतःचे शरीर सावकाश पाहणे ही गोष्टच वाह्यात मानलेली. साठी उलटलेल्या विधवा बाईने हे सांगायचे तरी कोणाला? मुलाला सांगता येत नाही, सुनेला सांगायचे तर मानीपणा आड येतो, आणि डॉक्टर पुरुष असला तर प्रश्नच मिटला. घरात मुलीचे लग्न ठरायचे असेल तर आई आपले दुखणे मुद्दाम दडवते, कारण ‘त्यांच्यात कर्करोग आहे’ अशी वार्ता पसरली तर सोयरीक मोडेल अशी धास्ती असते. लग्न पार पडते, वर्षसण होतो, आणि मग ती बाई रुग्णालयात येते. हा रोग संसर्गाने पसरत नाही, पूर्वजन्मीच्या पापाने होत नाही, देवीच्या कोपाने होत नाही. आनुवंशिकतेचा भाग थोड्या घराण्यांत असतो, हे खरे. पण तेथेसुद्धा लपवाछपवीने मुलीचे भले होत नाही. उलट आईला काय झाले होते हे लेकीला ठाऊक असणे, हीच तिची सुरक्षितता आहे.

जी स्त्री एवढे सर्व अडसर ओलांडून दवाखान्यात पोहोचते, तिच्या बाबतीत वैद्यकानेही कुचराई करू नये. एका बाजूच्या स्तनाग्रावरचा चट्टा तीन आठवड्यांच्या औषधाने गेला नाही, तर त्याचा तुकडा तपासायला पाठवावा, हा जगभरचा मान्य शिरस्ता आहे. जागा बधिर करून कातडीचा एक बारीकसा तुकडा काढायचा आणि विकृतितज्ज्ञाकडे पाठवायचा, एवढेच बायॉप्सीचे काम. काही मिनिटांत होते, रुग्णालयात राहावे लागत नाही. ‘सुई लावली की रोग पसरतो’ ही समजूत कोकणातच काय, सुशिक्षित मुंबईतही ऐकू येते. तिला आधार नाही. मॅमोग्राफी अवश्य करावी, परंतु येथे एक मेख आहे. आत गाठ नसलेल्या पॅजेटच्या रुग्णांत ती तपासणी पुष्कळदा निर्दोष येते, आणि दाहयुक्त प्रकारातही निश्चित गाठ दिसेलच असे नाही. ‘फोटो स्वच्छ आला, आता काळजी नको’ असे म्हणून तुकडा घेण्याचे टाळणे ही मोठी चूक होय.

निदान झाल्यावर मार्ग आहेत. पॅजेटचा विकार स्तनाग्रापाशी किंवा नलिकांच्या आतच मर्यादित असेल, तर कित्येकदा मधला भाग काढून आणि नंतर किरणोपचार देऊन स्तन राखता येतो. रोग पसरलेला असेल तर संपूर्ण स्तन काढावा लागतो. आतला रोग किती पुढे गेला आहे, यावर पुढचे सर्व अवलंबून. आणि तो लवकर सापडला तर बरे होण्याची आशा उत्तम असते. दाहयुक्त प्रकारात आधी औषधोपचार, मग शस्त्रक्रिया, मग किरण, असा क्रम ठरलेला आहे. तेथे घाईने थेट शस्त्रक्रिया करणे अयोग्य मानले जाते. हा उपचार लांबलचक आणि कष्टाचा आहे, पण पूर्वी जो रोग म्हणजे मृत्युपत्रच समजले जाई, त्यातून आज कित्येक स्त्रिया वाचतात.

देशात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १,९२,००० नवे रुग्ण आणि सुमारे ९८,००० मृत्यू झाले, असा आंतरराष्ट्रीय संस्थेचा अंदाज आहे. नव्या रुग्णांच्या निम्म्याहून अधिक मृत्यू! प्रगत देशांत हे प्रमाण याहून पुष्कळ कमी आहे, आणि तफावतीचे मोठे कारण उशिरा येणे हेच. केंद्र सरकारने २०१६ साली तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची ठरावीक काळाने स्तनतपासणी करण्याचा कार्यक्रम आखला. पण २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या ज्या स्त्रियांची आयुष्यात एकदा तरी अशी तपासणी झाली होती, त्यांचे प्रमाण शेकडा ०.९ निघाले. शंभरांत एकसुद्धा नाही. आखणी आणि अंमल यांतील हे अंतर आपल्याला नवे नाही, म्हणून त्याचा संताप येऊ नये असे नाही.

आणि तपासणी म्हणजे महागडी यंत्रेच हवीत, ही सबब आता चालणार नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून शहरातील झोपडपट्ट्यांत एक प्रदीर्घ प्रयोग केला. पस्तीस ते चौसष्ट वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. त्यांतील एका गटाची दर दोन वर्षांनी तपासणी केली ती डॉक्टरांनी नव्हे, तर शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्या स्त्रियांनी, आणि तीही केवळ डोळ्यांनी व हातांनी. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्या गटात रोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नास व त्यापुढील वयाच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे शेकडा तीसने कमी झाले. त्याहून तरुण स्त्रियांत मात्र मृत्यूंत घट दिसली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतही टाटा रुग्णालय व डेरवणचे वालावलकर रुग्णालय यांनी गावोगावच्या तपासणीचे काम केले आहे. म्हणजे वाट आपल्या अंगणातून गेलेली आहे. ती मळलेली व्हावी एवढेच उरले आहे.

या कामात आम्हांला तीन-चार गोष्टी तातडीच्या वाटतात. आशा कार्यकर्तीला जे प्रशिक्षण मिळते, त्यात गाठीबरोबरच चट्टा, खपली, लस आणि संत्र्याच्या सालीसारखी कातडी यांची चित्रे असावीत, आणि ती सावळ्या वर्णाची असावीत. तेलंगणात बतुकम्माच्या फुलांभोवती बायका फेर धरतात, तसे आपल्याकडे चैत्रातले हळदीकुंकू आहे, गणपतीच्या फुगड्या आहेत, गोव्यात आणि सिंधुदुर्गात पौषातल्या धालोचा मांड आहे. पुरुषांची उपस्थिती नसलेल्या या जागा आपल्या पूर्वजांनी बायकांसाठी राखून ठेवल्या, तेथे परिचारिकेने अर्धा तास बोलावे. सभागृहातील व्याख्यानाहून ते अधिक कानांत उतरेल. बाळंतिणीला तेल लावायला येणारी बाई तर या कामाची नैसर्गिक पहारेकरीण आहे. स्तनाकडे निःसंकोच पाहण्याचा अधिकार समाजाने जिला दिलेला आहे अशी घराबाहेरची ती बहुधा एकटीच. तिला या खुणा कोणी शिकवलेल्या मात्र नाहीत.

खर्चाच्या भीतीने जे थांबतात, त्यांनी चौकशी तरी करावी. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आणि गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात आणि परळच्या टाटा रुग्णालयात गरिबांना मार्ग मिळतो. हैदराबादेत राहणाऱ्या आमच्या मुलींना रेड हिल्स दूर नाही. गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना आमची विनंती एवढीच की, स्त्री रुग्णाने ‘खाज’ म्हटल्यावर जागा विचारावी, परिचारिकेला बरोबर घेऊन ती जागा उजेडात पाहावी, औषध दिल्याची तारीख केसपेपरवर लिहावी आणि तीन आठवड्यांनी परत येण्यास सांगावे. ती आली नाही, तर आशाताईला तिच्या घरी पाठवावे.